तुरुंग ते रंगमहाल : तीन अमेरिकन विनोदिनींची कहाणी



वसंत ऋतूतील व्याख्यानांत इतिहासाचा विषय निघाला, की श्रोत्यांच्या मनासमोर गडकोट उभे राहतात, तह आठवतात, सनदा आणि बखरी आठवतात. आज मी आपणांस ज्या ठिकाणी घेऊन जाणार आहे तिथे गड नाही, देऊळ नाही, विद्यापीठही नाही. तिथे आहे जुगारगृह आणि त्याच्या पोटात बांधलेला रंगमंच. त्या रंगमंचावर उभी आहे साठी ओलांडलेली एक स्त्री. ती चावट बोलते आहे आणि चार हजारांवर माणसे पोट धरून हसत आहेत. हा विषय ह्या सभेला शोभेल का, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती गैर नाही. माझ्याही मनात ती येऊन गेली. पण एखादा समाज कशाला हसतो, कोणाला हसू देतो आणि कोणाच्या हसण्यावर पहारा बसवतो, हे कळल्याखेरीज त्या समाजाचा इतिहास पुरता कळत नाही. म्हणून ही शंका बाजूला ठेवून मी पुढे जातो.

ती तारीख होती 20 फेब्रुवारी 2008. स्थळ, अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास व्हेगस शहर. तेथील सीझर्स पॅलेस नावाचे जुगारगृह आणि त्यातले कलोसियम हे नाट्यगृह. प्राचीन रोमचे नाव मिरवणारे हे नाट्यगृह 2003 साली साडेनऊ कोटी डॉलर खर्चून बांधले गेले. त्या रात्री तिथे बेट मिडलर ह्या गायिकेच्या नव्या प्रयोगाचा आरंभ झाला. तिचे वय तेव्हा 62 होते. डोक्यावर पिसारे लावलेल्या नर्तिकांचा ताफा, मोठा वाद्यवृंद, डोळे दिपवणारे नेपथ्य आणि ह्या सगळ्याच्या मध्यभागी ही बाई. आपल्याकडे एकसष्टी झालेल्या माणसाला आपण शाल आणि श्रीफळ देतो, आणि त्याने ह्यापुढे गंभीरच बोलावे अशी अपेक्षा धरतो. मिडलरने एकसष्टीनंतर मत्स्यकन्येचे शेपूट लावले, चाकांच्या खुर्चीत बसून ती रंगमंचभर फिरली आणि स्वतःच्या वयाची, देहाची आणि धंद्याची मनसोक्त थट्टा केली. हा प्रयोग 31 जानेवारी 2010 पर्यंत चालला.

मला आज सांगायचे आहे ते ह्या रात्रीपर्यंत येणाऱ्या वाटेविषयी. ती वाट सुमारे शंभर वर्षांची आहे. तिच्यावर एक खानावळ आहे, एक न्यायालय आहे, एक तुरुंग आहे, आणि शेवटी हा रंगमहाल आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो. अश्लील आणि चावट हे दोन शब्द आपण कधी कधी एकाच अर्थाने वापरतो. पण मराठी माणसाच्या कानाला त्यांतला फरक बरोबर कळतो. अश्लील बोलणारा सगळे उघडे करून टाकतो. चावट बोलणारा अर्धे सांगतो आणि उरलेले ऐकणाऱ्यावर सोपवतो. त्यामुळे चावटपणात ऐकणाराही वाटेकरी होतो. तो हसला म्हणजे त्याला कळले, आणि कळले म्हणजे त्याच्याही मनात ते होतेच. सोवळ्या माणसाला राग येतो तो नेमका ह्याच गोष्टीचा. पुढे सांगणार आहे ती हकिकत ह्या फरकाभोवतीच फिरते.

वाटेवरचे पहिले नाव सोफी टकर. तिचे आईबाप रशियन साम्राज्यातून अमेरिकेला निघालेले गरीब ज्यू. 1886 च्या सुमारास त्या देशांतराच्या धामधुमीतच हिचा जन्म झाला. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड गावी आईबापांनी खानावळ घातली. पोरगी पानं वाढी, भांडी घाशी आणि गिऱ्हाइकांपुढे गाणे म्हणून चार नाणी मिळवी. अंगाने थोराड, रूपाने सामान्य. न्यूयॉर्कला गेली तेव्हा नाटकवाल्यांनी तिला सांगितले, की हा चेहरा प्रेक्षक पाहून घेणार नाहीत; तोंडाला काळे फासून निग्रो बाईचे सोंग घेऊनच गा. गोऱ्या नटांनी काळे सोंग घेऊन कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याची ती कुप्रथा तेव्हा अमेरिकेत सर्रास चालू होती. पुढे एकदा रंगपेटी वेळेवर पोहोचली नाही, म्हणून ती आपल्या खऱ्या चेहऱ्याने रंगमंचावर गेली. आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. त्यानंतर तिने काळे कधी फासले नाही.

पण त्या समाजाशी तिचा संबंध तुटला नाही, आणि ही गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. तिची ओळख बनलेले गाणे शेल्टन ब्रुक्स ह्या कृष्णवर्णी संगीतकाराचे होते. तो दाराशी आला असताना तिने त्याला भेट नाकारली होती. तिच्याकडे काम करणाऱ्या कृष्णवर्णी बाईने तिची कानउघाडणी केली, तेव्हा तिने ते गाणे ऐकले. ते तिला जन्मभर पुरले. स्त्रीची वासना, तिची निराशा, तिचा तगादा हे सगळे मोकळेपणी गाण्याची रीत त्या काळी मा रेनी, बेसी स्मिथ ह्यांच्यासारख्या कृष्णवर्णी गायिकांनी रुळवली होती. सोफी टकरने ती रीत लठ्ठ, प्रौढ, गोऱ्या बाईच्या तोंडी आणली आणि तिच्यात विनोदाची भर घातली. आपल्या लठ्ठपणावर दुसऱ्याने हसण्याआधी ती स्वतः हसे, आणि मग नवऱ्यांचा, प्रियकरांचा, पुरुषी बढाईचा समाचार घेई. सत्तरीनंतरही ती गात राहिली. 1966 साली ती वारली.

वाटेवरचे दुसरे नाव मे वेस्ट. हिचा जन्म 1893 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. बाप मुष्टियोद्धा. पोर लहानपणापासून रंगभूमीवर. सोफी टकर दुसऱ्यांची गाणी गाई. मे वेस्ट आपली नाटके आपणच लिही. 1926 च्या एप्रिलात तिने न्यूयॉर्कमध्ये एक नाटक रंगभूमीवर आणले. नायिका वेश्या, आणि नाटकाचे नाव ‘सेक्स’. त्या काळी हा शब्द जाहिरातीत छापायला काही वर्तमानपत्रे कचरत. टीकाकारांनी नाटक झोडपले, प्रेक्षकांनी तिकिटांसाठी रांगा लावल्या. प्रयोगांची संख्या 375 पर्यंत गेली.

नाटक नऊदहा महिने बिनबोभाट चालल्यावर 9 फेब्रुवारी 1927 च्या रात्री पोलिसांची धाड पडली. ती तेव्हाच का पडली? नगराध्यक्ष जिमी वॉकर रजेवर गेले होते आणि जोसेफ मॅकी नावाचे कडक वृत्तीचे गृहस्थ त्यांच्या जागी काम पाहत होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. ह्याच सुमारास मे वेस्टचे ‘द ड्रॅग’ हे दुसरे नाटक न्यूयॉर्कबाहेर लहान गावांतून होत होते. त्यात पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष दाखवले होते. ते नाटक न्यूयॉर्कला येणार, ह्या धास्तीने नीतिरक्षक मंडळींची झोप उडाली होती. त्याच रात्री आणखी दोन नाटकांवर धाड पडली. त्यांतल्या ‘द कॅप्टिव्ह’च्या चालकांनी नाटक मागे घेऊन सुटका करून घेतली. मे वेस्टने खटला चालू दिला. दहा दिवसांची कैद आणि पाचशे डॉलर दंड अशी शिक्षा झाली. तिने आठ दिवस कैद भोगली. चांगल्या वर्तणुकीबद्दल दोन दिवसांची सूट मिळाली! बाहेर आल्यावर तिने वार्ताहरांना सांगितले, की तुरुंगाचे कपडे जाडेभरडे होते खरे, पण आतून आपण आपले रेशमी कपडेच घातले होते. ह्या एका वाक्याने न्यायालयाचा निकाल फिरला असे म्हणायला हरकत नाही. कारण न्यूयॉर्कने निकालपत्र वाचले नाही. हे वाक्य वाचले.

परंतु सत्तेला विनोद कळत नसला तरी ती विसरत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, की अशा नाटकाला जागा देणाऱ्या नाट्यगृहालाच टाळे ठोकता येईल. शिक्षा लेखकालाच नव्हे, जागेच्या मालकालाही. म्हणजे मालकच पहारेकरी होतो. रंगभूमीला वेसण घालण्याची ही युक्ती आपल्यालाही अपरिचित नाही. इंग्रज सरकारने 1876 साली हिंदुस्थानात नाट्यप्रयोगांविषयीचा कायदा केला, त्यात बंदी घातलेल्या प्रयोगासाठी जागा देणाराही गुन्हेगार ठरवला होता.

पुढे बोलपट आले. वयाच्या चाळिशीला टेकलेली मे वेस्ट 1932 साली हॉलिवूडला गेली. ज्या वयात नट्यांना आईची कामे देतात, त्या वयात ती नायिका झाली. 1933 सालचा तिचा ‘शी डन हिम राँग’ हा बोलपट सुमारे दोन लाख डॉलरांत तयार झाला आणि त्याने वीस लाखांवर मिळवले. महामंदीने पॅरामाउंट कंपनीचे कंबरडे मोडले होते. तिला ह्या बाईच्या बोलपटांनी हात दिला. 1935 च्या सुमारास अमेरिकेतील सर्वांत जास्त मिळकत असलेली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाई. पण 1934 च्या जुलैपासून बोलपटांची नीतिसंहिता सक्तीने अमलात आली. मे वेस्टच्या संहिता ओळीओळीने तपासल्या जाऊ लागल्या.

तपासणाऱ्यांची अडचण काय होती हे 1937 च्या डिसेंबरात दिसले. रेडिओवर आदम आणि हव्वा ह्यांच्यावरील एक प्रहसन झाले. ते दुसऱ्या लेखकाने लिहिलेले, रेडिओ कंपनीने आधी वाचून मंजूर केलेले. मे वेस्टने त्यातल्या शब्दांत फरक केला नाही. ते शब्द फक्त आपल्या पद्धतीने उच्चारले. देशभर गहजब झाला, सरकारी आयोगाने कंपनीची कानउघाडणी केली आणि त्यानंतर दहाबारा वर्षे तिचा आवाज अमेरिकन रेडिओवर जवळजवळ बंदच झाला. चावटपणा शब्दात नसून सुरात असतो, ह्याचा ह्याहून चोख पुरावा कुठल्या न्यायालयात मिळाला नसता. संहिता तपासणारा शब्द खोडू शकतो. सूर खोडायचा तर माणूसच काढून टाकावा लागतो. हॉलिवूडने शेवटी तेच केले. 1943 नंतर सत्तावीस वर्षे ती बोलपटात दिसली नाही.

आता लास व्हेगसकडे वळू. आजच्या झगमगाटावरून कल्पना येणार नाही, पण हे गाव मूळचे वाळवंटातले एक लहानसे रेल्वे ठाणे. 1931 हे त्याच्या इतिहासातले वळण. मंदीने पिचलेल्या नेवाडा राज्याने त्या वर्षी जुगार कायदेशीर केला, घटस्फोटासाठीची वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू होऊन हजारो मजूर आले. 1941 साली गावाबाहेरच्या हमरस्त्यावर एल रँचो व्हेगस हे हॉटेल उघडले. त्याच रस्त्यावर मग 1942, 1946, 1950 अशी एकामागून एक जुगारगृहे उठली. सोफी टकर ह्या रस्त्यावर चाळिसाच्या दशकातच गाऊन गेली होती.

ह्या धंद्याचे अर्थशास्त्र सोपे आहे. जुगाराच्या टेबलावर अखेरीस नफा मालकाचाच. गिऱ्हाईक जितका वेळ आत राहील तितका नफा नक्की. म्हणून नाट्यगृह असे बांधायचे, की तिथे जाता-येता जुगाराच्या दालनातूनच जावे लागेल. जेवण स्वस्त, खेळ स्वस्त. त्यातला तोटा टेबलावर भरून निघे. म्हणजे रंगमंच हा गळाला लावलेला मासा होता. पण मासा जितका मोठा तितके गिऱ्हाईक मोठे, म्हणून कलावंतांना कल्पनेबाहेर पैसा मिळू लागला. 1953 च्या डिसेंबरात मार्लेन डीट्रिच सहारा हॉटेलात आली ती आठवड्याला तीस हजार डॉलर घेऊन, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले.

आणि 1954 च्या उन्हाळ्यात त्याच सहारात, काँगो रूम नावाच्या दालनात, मे वेस्ट उभी राहिली. एकसष्टी महिन्यांवर आलेली. व्हेगसचा रिवाज असा, की मध्यभागी पुरुष कलावंत आणि भोवती अर्ध्या कपड्यांतल्या तरुणी. मे वेस्टने तो रिवाज उलटा केला. मध्यभागी ती, पायघोळ पोशाखात, गळ्यापासून पायापर्यंत झाकलेली. आणि भोवती लंगोटासारख्या वस्त्रांतले पीळदार शरीराचे तरुण मल्ल. प्रेक्षकांतल्या बायका आरडाओरडा करू लागल्या. पुरुषांची देहप्रदर्शने बायकांनी पाहायची आणि त्यावर मोकळेपणी बोलायचे, हे एका साठीच्या बाईने त्यांना शिकवले. तो खेळ इतका चालला, की पुढे काही वर्षे तिने तो देशभर फिरवला.

श्रोतेहो, ह्या प्रसंगातला विपर्यास लक्षात घ्या. ज्या बाईला नीतिमान न्यूयॉर्कने तुरुंगात पाठवले, नीतिमान हॉलिवूडने घालवून दिले, तिला आसरा दिला जुगाराच्या गावाने. 1950-51 साली अमेरिकन सिनेटच्या किफॉव्हर समितीने चौकशी केली, तेव्हा ह्या गावातील जुगाराच्या धंद्यात गुन्हेगारी टोळ्यांचा हात किती खोलवर गेला आहे हे जगापुढे आले होते. सभ्यतेने नाकारलेली कला असभ्यतेच्या पैशावर जगली. हे सांगताना मला आनंद होत नाही. पण इतिहासकाराने आपल्या आवडीप्रमाणे हकिकत सजवू नये.

आणि ह्या मोकळेपणालाही एक कुंपण होते. ज्या कृष्णवर्णी कलावंतांच्या सुरावर ही सारी परंपरा उभी होती, त्यांना ह्या हॉटेलांतून गाता येई, पण राहता येत नसे. सॅमी डेव्हिससारखा गुणी कलावंत खेळ संपला की मागच्या दाराने निघून गावाच्या पश्चिमेकडील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मुक्कामाला जाई. 1955 साली मूलाँ रूज हे सर्व वर्णांना खुले असलेले पहिले हॉटेल निघाले; काही महिन्यांतच ते बंद पडले. कृष्णवर्णी नागरिकांनी हमरस्त्यावर मोर्चा नेण्याची सूचना दिली, तेव्हा 1960 च्या मार्चमध्ये त्याच बंद हॉटेलात बैठक होऊन ही बंदी उठली. लैंगिक थट्टेला ज्या गावाने सहा वर्षे आधीच दार उघडले होते, त्याने माणसाच्या कातडीला दार उघडायला मोर्च्याची धमकी लागावी, ह्यावरून त्या मोकळेपणाची खोली कळते. पैसा नीती पाहत नाही असे आपण म्हणतो. पण रंग मात्र त्याने पुष्कळ काळ पाहिला.

आता पुन्हा बेट मिडलर. तिचा जन्म 1945 चा, हवाई बेटांतील होनोलुलूचा. घर साध्या ज्यू कुटुंबाचे. तिच्या नावाची सुरुवात कुठे झाली? न्यूयॉर्कमधील काँटिनेंटल बाथ्स ह्या स्नानगृहात. तिथे समलिंगी पुरुष एकत्र येत. आणि 1970 साली न्यूयॉर्क राज्यात त्यांचे प्रेम हा गुन्हा होता. कायद्याच्या लेखी जे गुन्हेगार, त्या टॉवेल गुंडाळून बसलेल्या माणसांसमोर ती गायली. पियानोवर बॅरी मॅनिलो असे. 1927 साली ज्यांच्यावरचे नाटक न्यूयॉर्कमध्ये येऊ दिले नाही, तेच आता प्रेक्षक होऊन बसले होते. मिडलरने आपल्या खेळात सोफी टकरच्या नावाने चावट विनोद सांगण्याचा परिपाठ ठेवला, आणि तो लास व्हेगसपर्यंत चालू ठेवला. जुन्या गायिकेचे नाव अशा तऱ्हेने जिवंत ठेवणे ही एक प्रकारची गुरुपरंपराच म्हटली पाहिजे. फक्त इथे गुरूचे स्मरण वंदनाने न होता हशाने होते.

पण 1954 चे सहारा आणि 2008 चे कलोसियम ह्यांत एक मोठा फरक पडला होता. साठीच्या दशकाच्या अखेरीस नेवाडाने कायदे बदलून मोठमोठ्या कंपन्यांना जुगारगृहांची मालकी खुली केली. कंपनीच्या हिशेबात प्रत्येक खात्याने आपला नफा दाखवावा लागतो. स्वस्त जेवण गेले, स्वस्त खेळ गेला. शतक संपता संपता ह्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांचे जुगारेतर उत्पन्न जुगाराच्या उत्पन्नाहून अधिक होऊ लागले. पूर्वी चावटपणा हे आमिष होते, आता तो स्वतःच महाग माल झाला. पणजीला मांडवीच्या पात्रात उभी असलेली जुगाराची जहाजे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना रोषणाई आणि गल्ला ह्यांचे नाते निराळे समजावून सांगायला नको.

मग प्रश्न असा, की ह्यात जिंकले कोण? ज्या थट्टेसाठी 1927 साली आठ दिवसांची कैद, त्याच थट्टेसाठी 2008 साली सोन्याचे सिंहासन. वरवर पाहता हा विनोदिनीचा विजय आहे. पण ज्या हसण्याला कोणी भीत नाही, ते हसणे दुबळे तर झाले नाही ना? मे वेस्टच्या प्रेक्षकाला नाट्यगृहात जाताना छाती धडधडत असेल. मिडलरच्या प्रेक्षकाने तिकीट काढले ते सुटीच्या मौजेसाठी. हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि मी तो झाकू इच्छित नाही.

तरीही माझा निष्कर्ष थोडा निराळा आहे. लैंगिक विषयावर बोलण्याची बंदी अमेरिकेत 2008 पर्यंत उरली नव्हती, हे खरे. पण एक बंदी उरली होती, आणि ती कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही : म्हाताऱ्या स्त्रीने आपल्या देहाविषयी बोलू नये. तरुण स्त्रीचा देह बाजारात विकला जातो. म्हाताऱ्या स्त्रीचा देह डोळ्यांआड केला जातो. ह्या तिघींनी ती बंदी मोडली. सोफी टकरने लठ्ठपणा पुढे केला, मे वेस्टने एकसष्टीच्या उंबरठ्यावर मल्लांची रांग उभी केली, मिडलरने चाकांच्या खुर्चीतली मत्स्यकन्या आणली. त्यांतली कोणीही तरुण असल्याचे सोंग करून दया मागायला आली नाही. त्या गावात, जिथे सर्व काही तारुण्याच्या आणि नशिबाच्या भुलीवर चालते, तिथे उभे राहून वय हसत हसत कबूल करणे ही साधी गोष्ट नव्हे.

मे वेस्ट 1980 साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी वारली. तिला शिक्षा ज्या नाटकासाठी झाली ते पुढे विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाले, ग्रंथरूपाने छापले गेले आणि पुन्हा रंगभूमीवरही आले. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचे नाव आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. आपापल्या काळात आपण कोणाच्या हसण्याला गुन्हा ठरवतो आहोत, हे पाहताना ही एवढी गोष्ट स्मरणात राहिली तर आजचा वेळ वाया गेला नाही असे मी समजेन.